कॉलनीतल्या बागेच्या देखभालीला पैसे कुठून आणायचे? नवीन लोकांसाठी स्टेप बाय स्टेप

"बागेला पैसेच मिळत नाहीत" असं आपण सगळे म्हणतो पण ते अर्धंच खरं आहे. कारंजं बसवायला पैसे मिळतात, ओपन जिमला मिळतात, गेटवर कमान बांधायला तर लोक शोधत येतात कारण तिथे नावाची पाटी लागते आणि उद्घाटनाचा फोटो निघतो. मिळत नाहीत ते त्यानंतरचे, म्हणजे माळ्याचा पगार, पाणी, खत, लाईटबिल, झोपाळ्याची साखळी, गळका नळ. म्हणून मग दर दोन-तीन वर्षांनी बागेत काहीतरी नवीन बसतं आणि आधीचं शेजारी गंजत उभं असतं. हा लेख फक्त त्या नंतरच्या पैशांबद्दल आहे, बाग नवीन कशी करून घ्यायची याबद्दल नाही.

मी लिहितोय ते पुणे महापालिकेच्या हद्दीतलं. इथे मनपाची दोनशेच्या वर उद्यानं आहेत. सारसबाग, संभाजी उद्यान, पु. ल. देशपांडे उद्यान ही मोठी मंडळी, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुमची बाग बहुतेक ती नसणार, कॉलनीच्या कोपऱ्यातली दहा-वीस गुंठ्यांची असणार. दुसऱ्या महापालिकेत किंवा नगरपरिषदेत असाल तर खात्यांची नावं आणि टेबलं बदलतील, बाकी रस्ता साधारण असाच आहे.

१. आधी जागा कोणाची ते काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळे ती गाळतात. मग वर्षभर अर्ज करून झाल्यावर कळतं की जागा मनपाच्या ताब्यातच नाही, त्यामुळे ते तिथे एक रुपयाही खर्च करू शकत नाहीत.

बाग साधारण तीन प्रकारची असते. एक म्हणजे डीपीमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात) उद्यानाचं आरक्षण होतं आणि मनपाने ती ताब्यात घेऊन बाग केली. ही सगळ्यात सोपी केस. दुसरी म्हणजे लेआउटमधली ओपन स्पेस. मोठ्या लेआउटमध्ये बिल्डरला मोकळी जागा सोडावीच लागते, २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे तिच्यात ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला १० टक्के असा नियम आहे. पण ती जागा पुढे सोसायट्यांकडे राहिली, मनपाकडे गेली की कागदावर बिल्डरच्याच नावावर लटकलीय हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तिसरा प्रकार म्हणजे नाल्याकडेची पट्टी, रस्त्याचा त्रिकोण, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा. तिथे बाग दिसत असली तरी ती कधी पथ विभागाची, कधी पाणीपुरवठ्याची असते आणि उद्यान विभाग "आमच्याकडे नाही" म्हणतो, ते खरंही असतं.

काय काढायचं: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा (दोन्ही ऑनलाईन मिळतात, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत), मंजूर लेआउटचा नकाशा, डीपीचा त्या भागाचा नकाशा, आणि मनपाने जागा घेतली असेल तर ताबा पावती. ताबा पावती महत्त्वाची. नुसतं नकाशात हिरवं दिसतंय यावर जाऊ नका.

सापळा: लेआउटची ओपन स्पेस असेल तर सोसायटीवाल्यांना वाटतं मनपा बघेल, मनपाला वाटतं सोसायट्या बघतील. अशी जागा असेल तर पैशांच्या मागे नंतर लागा, आधी हस्तांतराचं पत्र किंवा देखभालीचा करार यातलं एक काहीतरी कागदावर आणा.

२. बागेला वर्षाला किती लागतं याचं एक पान तयार करा

"बागेला निधी द्या" असं पत्र कुठल्याही टेबलवर गेलं की फाईलला लागतं आणि झोपतं. आकडा असलेलं पत्र निदान कोणीतरी वाचतं, खोडून काढायला का होईना.

पानावर एवढ्याच ओळी घ्या: माणसं, पाणी, वीज, खत-माती-रोपं, हत्यारं आणि मशिनचं पेट्रोल, खेळणी-बाक-नळ-दिवे यांची दुरुस्ती, सुरक्षा, आणि वर्षातून एकदाचं मोठं काम (फांद्या छाटणे, रंग वगैरे). प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने, सध्या किती होतंय आणि किती पाहिजे. दर तुमच्या भागातल्या दोन दुकानदारांकडून आणि एखाद्या नर्सरीवाल्याकडून लिहून आणा, नेटवरचे उचलू नका.

पाण्याचा हिशोब मात्र नीट करा कारण बजेट तिथेच फसतं. उन्हाळ्यात हिरवळीला रोज प्रत्येक चौरस मीटरला पाचेक लिटर पाणी लागतं असं धरा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे दहा गुंठे लॉन असेल तर रोज पाच हजार लिटर, दहा हजारचा टँकर दिवसाआड. हे एकदा कागदावर मांडलं की सगळीकडे लॉन पाहिजे म्हणणारे लोक आपोआप गप्प होतात, आणि अर्ध्या जागेत झाडं, झुडपं आणि पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर काय फरक पडेल यावर बोलणं सुरू होतं. बोअर असेल तर ३ एचपीचा पंप दोन तास चालला की साडेचार युनिटच्या आसपास वीज जाते, आणि तो मीटर कोणाच्या नावावर आहे तेही बघून ठेवा, कनेक्शन कटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

पालापाचोळा जाळू देऊ नका आणि कचऱ्याच्या गाडीतही देऊ नका. कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून त्यात टाका, पाणी मारा, सहा-आठ महिन्यांत खत. खताची ओळ जवळजवळ शून्यावर येते.

३. सध्या बागेवर किती खर्च होतोय ते माहिती करून घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच सापडतात, आणि नवीन लोक नेमकी हीच पायरी टाळतात कारण त्यांना वाटतं आरटीआय (माहिती अधिकार) म्हणजे भांडण. तसं काही नाही. बऱ्याच बागांच्या देखभालीचं टेंडर आधीच निघालेलं असतं, ठेकेदाराला बिल जात असतं, फक्त त्या टेंडरमध्ये काय लिहिलंय हे बागेत रोज फिरणाऱ्या शंभर माणसांपैकी एकालाही माहीत नसतं.

आधी साध्या मार्गाने जा. क्षेत्रीय कार्यालयात उद्यान विभागाचे जे निरीक्षक असतात त्यांना भेटा, बागेचं नाव सांगा आणि विचारा की देखभाल खात्याचे माळी करतात का ठेकेदार. ठेकेदार असेल तर वर्क ऑर्डर आणि कामाची व्याप्ती बघायला मागा. बरेचदा दाखवतात. मनपामध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघू देण्याची पद्धत आहे, तिचाही उपयोग होतो, जाण्याआधी त्या खात्यात फोन करून खात्री करून घ्या.

नाही मिळालं तर माहिती अधिकार अर्ज. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना आहे, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस, कॉपीला पानाला २ रुपये. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. "का" आणि "कशामुळे" विचारू नका, "का" चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा. हे मागा:

त्या बागेच्या देखभालीची मागच्या दोन वर्षांची वर्क ऑर्डर, कामाची व्याप्ती आणि अटी-शर्ती, अदा केलेल्या बिलांच्या प्रती, त्या बिलांची मोजमाप पुस्तकातली पानं (ऑफिसमध्ये एमबी म्हणतात), आणि कामगारांचं हजेरी रजिस्टर.

आता हे कागद घेऊन बागेत बसा आणि ओळ ओळ वाचा. व्याप्तीमध्ये साधारण अशी वाक्यं असतात: रोज इतके माळी आणि इतके बिगारी, हिरवळ महिन्यातून इतक्या वेळा कापणे, तण काढणे, आळी करणे, इतकं शेणखत, कीटकनाशक फवारणी, मेलेली रोपं बदलणे, शौचालय असेल तर त्याची सफाई. शेवटच्या अटींमध्ये बहुतेक वेळा दंडाचं कलम असतं, माणूस गैरहजर असेल तर दिवसाला इतके रुपये कपात वगैरे. एमबीमध्ये हिरवळ महिन्यातून दोनदा कापल्याची नोंद आहे आणि बागेत गवत पोरांच्या गुडघ्याला लागतंय, किंवा रजिस्टरला तीन माणसं आणि सकाळी दिसतो एकच जण, तोही बाकीच्या दोन बागा उरकून येणारा, असं निघालं तर तुम्हाला नवीन निधी मागायची गरज नाहीये. मंजूर झालेल्या पैशातच तुमची बाग बसते. पंधरा दिवस रोज ठरलेल्या वेळेला तारीख-वेळेसकट फोटो काढा, एक तक्ता करा आणि निरीक्षकांना द्या, प्रत क्षेत्रीय अधिकाऱ्यांना.

इथे एक गोष्ट जपा. तुमचं भांडण त्या माळ्याशी नाहीये. तो बिचारा तीन बागा एकटा सांभाळतोय आणि बरेचदा त्याला किमान वेतन तरी पूर्ण मिळतं का हाच प्रश्न असतो. तक्ता करताना त्याचं नाव घालू नका, "उपस्थित कामगार संख्या" एवढंच लिहा. आणि बागेची खरी माहिती त्याच्याकडेच असते, कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठली लाईन फुटलीय, कुठल्या झाडाला वाळवी लागलीय. सकाळी चहा पाजून दहा मिनिटं बोललात तर तुमच्या त्या एका पानाच्या हिशोबातल्या अर्ध्या ओळी तो तोंडी भरून देईल.

४. मनपाच्या बजेटमध्ये शिरा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षीचं बजेट करायला खाती आधीच्या पावसाळ्याच्या शेवटीच बसतात, साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत आयुक्तांचा मसुदा स्थायी समितीकडे जायचा असतो (पुढे-मागे होतं), त्यानंतर मुख्य सभा. म्हणजे फेब्रुवारीत बातमी वाचून पत्र दिलंत तर उशीर झालेला असतो. तुमचं पान ऑगस्टपर्यंत तयार पाहिजे.

पुण्यात यासाठी एक चांगली खिडकी आहे, नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. २००६-०७ च्या सुमारास सुरू झालं. तुमच्या प्रभागात काय काम व्हावं ते एका फॉर्मवर लिहून क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाईन द्यायचं, एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि मुदत लहान असते, कधी पेपरात कोपऱ्यात येतं, त्यामुळे ऑगस्ट लागला की आठवड्यातून एकदा ऑफिसात विचारत राहा. पिंपरी-चिंचवडमध्येही असा प्रकार आहे.

फॉर्म भरताना:

कामाचं नाव नेमकं लिहा. "उद्यानाचा विकास करणे" लिहिलंत तर त्यात पेव्हिंग ब्लॉक येतील, अगदी नक्की येतील. "अमुक उद्यानातील ठिबक सिंचन लाईन बदलणे", "खेळण्यांचे बुश, साखळ्या व बेअरिंग बदलणे", "पंपाची दुरुस्ती" असं लिहा.

एका फॉर्मवर शंभर सह्या घेण्यापेक्षा वेगवेगळ्या सोसायट्यांमधून तेच काम मागणारे वेगवेगळे फॉर्म जाऊ द्या. आणि प्रत्येकाचा आवक क्रमांक घ्या, शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही फॉर्म दिलाच नाही असं समजा.

फॉर्म दिल्यावर काम संपत नाही, ज्युनिअर इंजिनिअर जागा बघून पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट करतो तेव्हा तिथे हजर राहा. एस्टिमेट दरसूचीवरून होतं, त्यात काय धरलंय आणि काय राहिलंय हे त्या वेळी सांगितलं तर बदलतं, टेंडर निघाल्यावर नाही.

आता भांडवली आणि महसुली हा फरक समजून घ्या, याच्यावरच सगळं अडतं. नवीन काही उभं करायचं तो भांडवली खर्च. पगार, पाणी, दुरुस्ती हा महसुली. नगरसेवकांच्या निधीतून (पुण्यात 'स' यादी म्हणतात) आणि वेगवेगळ्या योजनांतून येणारे पैसे बहुतेक भांडवलीकडे झुकलेले असतात. देखभालीसाठी उद्यान विभागाच्या देखभाल-दुरुस्तीच्या हेडमध्ये तुमच्या बागेची ओळ किंवा तुमची बाग असलेला गट आला पाहिजे. म्हणून नगरसेवकांकडे गेलात तर बाक मागू नका. "देखभालीच्या पुढच्या टेंडरमध्ये आमच्या बागेला एक माणूस वाढवून द्या आणि पंपाची देखभाल त्यात घाला" असं मागा. त्यांना ते जरा कंटाळवाणं वाटेल, पाटी लागत नाही ना. तेव्हा एक तडजोड सांगतो, बाक त्यांच्या नावाचे लावू द्या पण त्याच पत्रात देखभालीची ओळ घालून घ्या. २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा हा दरवाजाच बंद झाला होता आणि ज्या बागा फक्त नगरसेवकाच्या ओळखीवर चालत होत्या त्यांची पंचाईत झाली. तेव्हा पत्र माणसाला देतानाच खात्यालाही द्या.

सापळा: वर्गीकरण. बजेटमध्ये तुमच्या बागेला रक्कम दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. वर्षाच्या मध्यात एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवतात, त्याला वर्गीकरण म्हणतात, आणि ते प्रस्ताव स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत येतात. दिवाळी झाली की एकदा विचारा, रक्कम आहे का, टेंडर निघालं का. ३१ मार्चला न वापरलेली रक्कम गेली. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईत केलेलं काम कसं असतं ते मी सांगायला नको.

५. आमदार-खासदार निधी

थोडक्यात सांगतो. खासदार निधी मुळात टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी आहे, माळ्याचा पगार त्यातून येणार नाही. तरी पाण्याची टाकी, बोअर, सोलर दिवे असं एकदाच करायचं आणि नंतरचा खर्च कमी करणारं काही असेल तर जरूर मागा. ओपन जिम मागू नका. दिली तरी घेताना विचारा की बेअरिंग गेलं तर कोण बदलणार, पहिल्या पावसाळ्यानंतर ती मशिनं कुरकुरायला लागतात आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पोरं त्यावर कपडे लटकवून क्रिकेट खेळतात.

६. सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजाच्या कामावर करायचा खर्च. लोकांना वाटतं कंपनीत ओळख असली की झालं. ओळखीने मीटिंग मिळते, पैसे कागदांवर मिळतात.

कंपनी कायदा २०१३ चा, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. म्हणजे तुमच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनीसुद्धा यात बसू शकते, सगळ्यांनी त्याच चार मोठ्या आयटी कंपन्यांच्या दारात रांग लावायची गरज नाही. पर्यावरण हा विषय कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये आहे, बाग त्यात बसवता येते.

अडचण अशी की कंपनी पैसे तुमच्या मंडळाला थेट देऊ शकत नाही. संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी पाहिजे, सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर पाहिजे आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे. काल स्थापन झालेल्या उद्यान मित्र मंडळाकडे हे नसतं. मग एखाद्या जुन्या पर्यावरण संस्थेला मधे घ्या, तुमच्या बागेचं काम तिच्यामार्फत होऊ द्या. त्यांच्याशी लेखी ठरवा की रक्कम कुठल्या बागेसाठी, हिशोब कधी दाखवणार.

आणि आता खरी युक्ती. कंपन्यांना जूनमध्ये झाडं लावायची असतात, टी-शर्ट घालून, फोटो काढून. त्यांना हो म्हणा, पण प्रस्तावात झाडं एका ओळीत आणि देखभाल दहा ओळीत लिहा. नियमात 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे, ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. प्रस्ताव त्या प्रकारात टाका म्हणजे एकदा मंजूर झालेलं काम पुढची वर्षं चालू राहतं आणि दर एप्रिलला नव्याने हात पसरावे लागत नाहीत. फायदा फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांना होत असेल तर ते सीएसआरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे बाग सगळ्यांना खुली आहे हे प्रस्तावात स्पष्ट लिहा.

वेळ: कंपन्यांची प्लॅनिंग जानेवारी ते मार्च. पण डिसेंबर-जानेवारीत काहींचे पैसे उरलेले असतात, तेव्हा लहान प्रस्ताव तयार ठेवलेला बरा.

७. बाग दत्तक घेणे

इथे जरा सावकाश. मुंबईचं उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं. तिथे मैदानं आणि उद्यानं संस्थांना सांभाळायला देण्याची पद्धत होती, काही ठिकाणी त्यावर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला आत जाणं अवघड झालं. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवीन दत्तक धोरण मंजूर केलं तेव्हा विरोध इतका झाला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. त्याच शहरात ओव्हल मैदान मात्र रहिवाशांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात कोर्टात जाऊन, नंतर स्वतः सांभाळून राखलं आणि तिथे आजही कोणीही जाऊन क्रिकेट खेळतं. आपल्याकडचं वेगळं उदाहरण एम्प्रेस गार्डनचं, ती मनपा चालवत नाही, अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया चालवते, तिकीट आहे, जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असतं. मोठ्या आणि प्रसिद्ध बागेला हे जमतं. कॉलनीतल्या बागेला तिकीट लावायच्या भानगडीत पडू नका, लोक येणं बंद होईल आणि गोळा झालेले पैसे तिकीट फाडणाऱ्याच्या पगारात जातील.

मनपाशी करार करत असाल तर सही करण्याआधी एवढं बघा:

मुदत किती, आणि मधेच सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस. पाणी आणि वीज कोण भरणार, हे लिहिलेलं नसेल तर तुम्हीच भरणार. ताब्यात घेताना काय काय होतं याची यादी, खेळणी, बाक, दिवे, झाडांची संख्या, फोटोंसकट, दोन्ही बाजूंच्या सह्या. चाव्या कोणाकडे, उघडण्या-बंद करण्याच्या वेळा. पाटीचा आकार किती (जाहिरात समजली गेली तर वेगळी परवानगी आणि शुल्क). अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, झोपाळ्यावरून पोरगं पडलं तर पहिला फोन तुम्हाला येणार आहे.

आणि झाडांना हात लावायचा नाही. तोडणंच काय, मोठी छाटणीसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. दत्तक घेतली म्हणजे मालक झालो असं समजून पावसाळ्याआधी फांद्या उतरवणारे उत्साही लोक प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

८. स्वतः गोळा करायची वर्गणी

वर्गणी काढणं आपल्याला नवीन नाही, गणपतीत शिकलोय. पण बागेची वर्गणी दर महिन्याला लागते आणि तिला आरती-प्रसाद नाही, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात अर्धे लोक फोन उचलत नाहीत. दारोदार फिरण्यापेक्षा सोसायट्यांकडून वर्षाची रक्कम एकदम घ्या. प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, नाहीतर ऑडिटर विचारणार की सोसायटीच्या बाहेरच्या जागेवर खर्च कसा केला, आणि सेक्रेटरी पुढच्या वर्षी हात वर करणार.

पैसे कोणाच्या पर्सनल अकाउंटला किंवा पर्सनल क्यूआरवर घेऊ नका. कितीही विश्वासाचा माणूस असू दे, त्याच्यासाठीच वाईट आहे ते. तात्पुरती वर्गणी असेल तर धर्मादाय कार्यालयाकडून ४१सी ची परवानगी मिळते, गणेश मंडळं घेतात तीच. कायमचं करायचं असेल तर संस्था नोंदवा, किमान सात सभासद लागतात, घटना, जागेचा पत्ता, मग पॅन आणि बँक खातं. ८०जी मिळालं तर देणगीदाराला सवलत मिळते, पण २००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती मिळत नाही आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांना मिळतच नाही, हे आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्यावरच चिडतील.

या पैशातून काय करायचं? मनपाच्या किंवा ठेकेदाराच्या माळ्याला महिन्याला वरचे पैसे देऊ नका. दिवाळीला कपडे-मिठाई द्या, ते वेगळं. दर महिन्याला पैसे दिले की ठेकेदार त्याचा पगार तेवढा दाबतो आणि पैसे बंद केले की काम बंद होतं. त्याऐवजी वर्गणीतून छोट्या आणि तातडीच्या गोष्टी करा ज्यासाठी फाईल फिरवणं परवडत नाही. नळाचा वॉशर, झोपाळ्याचा एस हूक, पाईपचा जॉइंट, खुरपी, झारी, ब्रश कटरची दोरी. झोपाळ्याचं घ्या, साखळी वरच्या आडव्या पाईपला जिथे अडकते तिथे बुश असतो, तो झिजला की लोखंडावर लोखंड घासतं आणि हूक हळूहळू ब्लेडसारखा पातळ होतो. खालून काही दिसत नाही, फक्त आवाज येतो. आवाज आला त्या दिवशी झोपाळा बांधून ठेवा आणि बुश बदला. शंभर-दोनशे रुपयांचं काम असतं, आणि त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयाच्या पत्राची वाट बघत बसायचं नसतं, नंतर कळवा फक्त.

वस्तू विकत घेऊन दिल्या तर त्या दिल्याचं पत्र निरीक्षकांना द्या आणि पोच घ्या, म्हणजे बदली झाल्यावर ब्रश कटर गायब झाला तरी निदान विचारता येतं.

९. हिशोब भिंतीवर लावा

बागेच्या गेटशेजारी एक काचेची पेटी, तिच्यात दर तीन महिन्यांनी एक कागद. आले किती, गेले किती, कशावर, शिल्लक किती. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला हिशोब गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातो, भिंतीवरचा कागद बागेत येणारा प्रत्येक जण वाचतो, चुकाही काढतो, काढू दे. त्याच कागदावर मनपाकडून बागेवर त्या तिमाहीत किती बिल निघालं तेही लिहा.

कागदपत्रं आणि सामान, एकाच फाईलमध्ये:

मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, लेआउटचा नकाशा, ताबा पावती किंवा करार
एका पानाचा वार्षिक हिशोब आणि त्याला जोडलेली कोटेशन्स
वर्क ऑर्डर, व्याप्ती, बिलं, एमबीची पानं
दिलेल्या प्रत्येक पत्राची शिक्का मारलेली पोच, तारखेप्रमाणे लावलेली
सोसायट्यांचे ठराव
संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए, ८०जी, सीएसआर-१ नंबर
बागेचे ठरलेल्या पाच-सहा जागांवरून दर महिन्याला काढलेले फोटो
कोर्ट फी स्टॅम्प आठ-दहा, वेळेवर मिळत नाहीत
बागेचा साधा हाताने काढलेला नकाशा, व्हॉल्व्ह, पंप, मीटर, चेंबर कुठे आहेत ते दाखवणारा

फाईलच्या दोन प्रती करा आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवा, जो माणूस हे सगळं करतो तो कधीतरी पोरांकडे बंगळूरला राहायला जातोच.